वल्हवता येते, म्हणून शिकवता येते?

ऑगस्ट २०२५ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पहिला 'खेलो इंडिया जलक्रीडा महोत्सव' झाला. त्याच महिन्यात संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केले आणि नोव्हेंबरमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. २०३६ च्या ऑलिम्पिकचे स्वप्न तर आता सरकारी भाषणांत नेहमीचेच झाले आहे. खेळांविषयी इतके बोलले जाण्याचे दिवस आपल्या देशात क्वचितच आले असतील, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मैदाने, निधी, संघटनांच्या निवडणुका, महिलांचे प्रतिनिधित्व या सगळ्यांची चर्चा होते आहे. नव्या कायद्याने संघटनांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला असाव्यात असा दंडक घातला, हेही उत्तमच झाले. पण या साऱ्या चर्चेतून एक अगदी साधा प्रश्न निसटून जातो. तलावाच्या काठावर बारा वर्षांचे पोर येऊन उभे राहिले, तर त्याला होडीत बसवणार कोण आणि शिकवणार कोण?

मी ज्या खेळात अकरा वर्षे काढली, त्या खेळापुरते मी बोलू शकते. कयाकिंग-कॅनोइंग म्हटले की 'म्हणजे रोइंगच ना?' असे हमखास विचारले जाते. तसे ते नाही. नौकानयनात वल्हेकऱ्याची पाठ अंतिम रेषेकडे असते आणि वल्ही होडीला जखडलेली असतात. आमच्याकडे तोंड पुढे आणि वल्हे मोकळे, नुसते हातात धरलेले. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचे वल्हे मारायचे. कॅनोत एक गुडघा टेकून, एकाच पात्याने आणि एकाच बाजूने. कयाकला पायाने फिरवण्याचे इवलेसे सुकाणू असते. कॅनोला तेही नाही, दिशा सांभाळायची ती वल्हे पाण्यातून काढताना दिलेल्या वळणावर. एकट्याच्या शर्यतीच्या कयाकची लांबी जास्तीत जास्त ५ मीटर २० सेंटिमीटर, वजन कमीत कमी १२ किलो, आणि रुंदी इतकी बेताची की पहिल्या दिवशी न पडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून हा खेळ पदकांचा खेळ आहे. बायकांना मात्र कॅनोची शर्यत ऑलिम्पिकमध्ये मिळायला टोकियो उजाडावे लागले.

भारताची या खेळातली कमाई सांगायला फार वेळ लागत नाही. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धांत सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी दोघांच्या कॅनोत १००० मीटरचे कांस्यपदक जिंकले. पुढचे पदक आले ते २०२३ मध्ये, हांगझाऊला. तीच शर्यत, तेच कांस्य. जिंकणारे अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम. मध्ये गेली एकोणतीस वर्षे. एवढ्या काळात एक पिढी वल्हवायला लागून, थकून, निवृत्त होऊन तिची मुले शाळेत जायला लागतात. मी त्याच मधल्या पिढीची.

या एकोणतीस वर्षांचा हिशेब मांडताना आपल्याकडे बोट दाखवले जाते ते होड्यांकडे. चांगली होडी परदेशातून येते, काही लाखांना पडते, आणि एका होडीवर आठ-दहा मुले पाळी लावून बसतात, हे खरेच आहे. पण वल्हवणाऱ्यांचा देश म्हणून पाहिले तर आपण काही दरिद्री नाही. आमच्या सांगलीत पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढले की होड्यांच्या शर्यती होतात आणि गावेच्या गावे काठावर लोटतात. केरळात अलप्पुळाच्या पुन्नमडा सरोवरात १९५२ पासून नेहरू करंडकाची शर्यत चालते, एकेका सर्पनौकेत शंभरांच्या आसपास वल्हेकरी असतात. मणिपूरच्या लोकटाकवर आणि काश्मीरच्या दलवर मूल चालायला शिकते तेव्हाच वल्हे हातात धरते. वल्हवणारे कमी नाहीत. कमी आहेत ती या हातांना खेळाची शिस्त लावणारी माणसे, आणि अशी माणसे आपण तयार कशी करतो हे पाहिले की एकोणतीस वर्षांचे कोडे बरेचसे सुटते.

शर्यती थांबवलेल्या खेळाडूपुढे दोन दारे असतात. पहिले नोकरीचे. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. प्रमाणपत्र दाखवायचे, परीक्षा द्यायची आणि कचेरीत बसायचे. या दाराशी किती रेटारेटी आहे ते बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी सगळ्या महाराष्ट्राला कळलेच आहे. दुसरे दार प्रशिक्षकाचे. खेलो इंडिया योजनेत देशभर १००० जिल्हा केंद्रे उभारण्याचे ठरले आणि तिथे माजी विजेत्या खेळाडूंनी शिकवावे अशी कल्पना पुढे आली. कल्पना चांगली आहे. ज्याने घाम गाळला त्याला निवृत्तीनंतर मानाचे काम मिळते आणि जिल्ह्याला अनुभवी माणूस मिळतो. पण तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते कोणी उलटून पाहत नाही. ज्याने पदक मिळवले त्याला पदक कसे मिळते हे सांगता येतेच, हे ते गृहीतक.

मराठी वाचकाला तरी याचे उत्तर लांब शोधायला जायला नको. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून कोण कोण गेले ते सांगायला नको. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते आणि पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियारही होते. नंबियार हवाई दलातले धावपटू, पण आंतरराष्ट्रीय पदक त्यांच्या नावावर नव्हते. त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले आणि मग केरळात मुली घडवल्या. याचा अर्थ मोठ्या खेळाडूने शिकवू नये असा कोणी काढील तर तो चुकीचा. पाण्याची जी जाण हजारो किलोमीटर वल्हवल्यावर अंगात मुरते, ती पुस्तकाने येत नाही. अर्थ एवढाच, की वल्हवणे हा एक धंदा आहे आणि वल्हवायला शिकवणे हा दुसरा. दुसऱ्यासाठी वेगळी उमेदवारी करावी लागते.

ती उमेदवारी मी एका सरकारी संस्थेच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात केली. त्या वर्गाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या प्रशिक्षक-शिक्षणातले सगळे चांगले आणि सगळे वाईट मला तिथे एकाच ठिकाणी भेटले.

आम्ही वीस-बावीस जण होतो. निम्मे माझ्यासारखे, नुकतेच शर्यतीतून बाहेर पडलेले, दंडात अजून रग असलेले आणि मनात थोडी गुर्मी असलेले. बाकीचे निरनिराळ्या वाटांनी आलेले. लष्करातले एक हवालदार, ज्यांनी पंधरा वर्षे जवानांच्या होड्या सांभाळल्या होत्या. सर्पनौकेत वाढलेला केरळचा एक गडी. लोकटाकच्या काठची एक मुलगी, जी हिंदी आमच्याहून कमी आणि पाणी आमच्याहून जास्त जाणत होती. आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेचे शारीरिक शिक्षणाचे मास्तर, वय चौतीस. त्यांच्या शाळेजवळ जुना मालगुजारी तलाव होता, ढिवरांची पोरे डोंगा घेऊन त्यात हिंडायची. या पोरांचे काहीतरी होईल म्हणून मास्तर स्वखर्चाने आले होते. राज्याच्या संघात ते कधी नव्हते. कयाकमध्ये ते पहिल्यांदा बसले ते अभ्यासक्रमाला येण्याच्या वर्षभर आधी. पहिल्या आठवड्यात आम्ही पदकवाले त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहत होतो.

दुसऱ्या आठवड्यात एक पाठ झाला. होडीत कधीही न बसलेला शाळकरी मुलगा समोर बसवायचा, जमिनीवरच्या बाकावर, हातात वल्हे देऊन. दहा मिनिटांत त्याला एक घाव शिकवायचा. अट अशी की शिकवणाऱ्याने वल्हे हातात घ्यायचे नाही, मुलाला हात लावायचा नाही, फक्त बोलायचे. राष्ट्रीय पदके मिळवलेली माणसे एकामागून एक उठली. 'पाणी पकड.' 'दंड सरळ ठेव.' 'खांद्यातून नको, आतून जोर काढ.' पोर बिचारे गोंधळून पाहत राही. आतून म्हणजे कुठून? आम्हा सर्वांना ते येत होते आणि कोणालाच सांगता येत नव्हते.

हे काही नवल नव्हे. कयाकचा घाव वरवर दंडाचा दिसतो. प्रत्यक्षात वल्हे ओढायचे नसतेच. पाते पाण्यात पुरते रुतवायचे आणि होडी त्याच्या पलीकडे न्यायची. जोर निघतो टाचेतून, पायाच्या आडव्या पट्टीवर दाब देऊन. तो कमरेच्या पिळातून वर येतो आणि हात केवळ दोरीसारखे काम करतात. पाते पूर्ण बुडण्याआधी जोर लावला तर पाणी उडते, होडी हलत नाही. त्यातून १९८०च्या दशकात स्वीडनमधून पंखासारखे वळलेले पाते आले आणि घावाची वाटच बदलली; वल्हे होडीलगत सरळ मागे न येता बाहेरच्या अंगाला जाऊ लागले. हे सगळे एका सेकंदाहून कमी वेळात घडते, आणि ज्याच्या अंगवळणी पडले त्याच्या बोलण्यातून ते नाहीसे होते. सायकल कशी चालवतोस असे विचारले तर आपणही 'चालवतो तशी' एवढेच म्हणतो.

मग भंडाऱ्याचे मास्तर उठले. मुलाला त्यांनी विचारले, "वर्गात मागच्या बाकावरचा हाक मारतो तेव्हा कसा वळतोस?" मुलगा वळला. "आता तसाच वळ, पण बूड बाकावरून हलवू नको. गुरुजी पाहताहेत." मुलगा हसला आणि असा वळला की कमरेपासून खांद्यापर्यंतचा सबंध पीळ दिसला. "आता वळलेला असतानाच पाते खाली रोव, आणि गुरुजींकडे परत पाहा." झाले. आम्ही ज्याला धड मिळवायला दोन-दोन वर्षे घालवली होती, त्याचा पहिला धडा त्या पोराला तीन वाक्यांत मिळाला.

त्या दिवसापासून वर्गाची रचनाच पालटली. संध्याकाळी जेवणानंतर आम्ही एकमेकांना शिकवू लागलो. कयाकवाल्यांना कॅनोत बसवायचे, कॅनोवाल्यांना कयाकमध्ये, म्हणजे सगळेच पुन्हा नवशिके. नवशिक्याला काय वाटते हे विसरलेल्या माणसाला ते आठवून देण्याचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. गुडघ्यावर उभे राहून एकाच बाजूने वल्हवताना होडी गोल फिरू लागली, की आपण मुलांवर ओरडताना कोणते शब्द वापरतो ते स्वत:च्या कानांनी ऐकू येते. हवालदारसाहेब ओरडत नसत. कोणी चुकले की ते आधी बैठक आणि पायाची पट्टी यांतले अंतर मोजत. माणसाचा दोष नंतर पाहायचा, होडीचा आधी, हा त्यांचा नियम. केरळचा गडी मोजणी करायचा नाही, गुणगुणायचा. मिनिटाला ऐंशी घाव म्हणजे काय हे घड्याळाने मुलांना कळत नाही, ताल धरला की कळते, असे तो म्हणे. आणि लोकटाकच्या मुलीने एकदा सबंध वर्गाला गप्प केले. पाण्याची भीती कशी घालवायची यावर व्याख्यान चालले होते. ती म्हणाली, आमच्याकडच्या मुलांना भीतीच नसते, अडचण तीच आहे. ती जीवरक्षक जाकीट अंगावर चढवत नाहीत, लाजतात. त्यांना थोडी भीती कशी शिकवायची ते सांगा. व्याख्यात्यांच्या टिपणांत याचे उत्तर नव्हते.

टिपणांविषयीही लिहायला हवे. सिद्धान्ताच्या तासांना जे शिकवले गेले ते बहुतांशी धावण्याच्या आणि हॉकीच्या उदाहरणांवर बेतलेले होते. सराव-वर्षाची आखणी कशी करावी याचे तक्ते आम्ही फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत उतरवले. प्रत्यक्ष मुलांना शिकवण्याच्या दुपारी बोटांवर मोजण्याइतक्या. शेवटी लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, गटाचे छायाचित्र. प्रमाणपत्र हातात पडल्यापासून आजपर्यंत मी कशी शिकवते हे पाहायला कोणीही आलेले नाही. गाडी चालवण्याचा परवानासुद्धा मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. माझ्या प्रमाणपत्राला मुदतच नाही, ते माझ्याबरोबर म्हातारे होणार.

याला कारण संस्थेचा आळस एवढेच नाही. मागणीच तशी आहे. भरतीच्या जाहिरातीत 'प्रमाणपत्रधारक' असा रकाना असतो आणि तो भरणे एवढेच उमेदवाराचे उद्दिष्ट होते. पुढे मिळते ते अकरा महिन्यांचे कंत्राट. वर्षअखेरीस विचारणा होते ती पदकांची. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते पाहण्यासारखे आहे. बारा-तेरा वर्षांच्या वयात दोन मुलांच्या वाढीत दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून बालवाडीतून आल्यासारखा. चौदा वर्षांखालच्या शर्यतीत पहिला जिंकणार हे उघड आहे. कंत्राट टिकवायचे तर प्रशिक्षक त्यालाच निवडणार, त्याच्यावर मोठ्या माणसाचा सराव लादणार, आणि उशिरा वाढणारे मूल, ज्याचे हातपाय कदाचित पुढे अधिक लांब होणार होते, ते कंटाळून घरी जाणार. अठराव्या वर्षी पहिल्याचे खांदे दुखावलेले असतात आणि दुसरा कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसते. वय चोरण्याचा रोगही याच डबक्यात वाढतो. यात त्या प्रशिक्षकाला खलपुरुष ठरवणे सोपे आहे. त्याच्या जागी बसून पाहिले म्हणजे कळते की व्यवस्थेने त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

दुसरा रस्ता असू शकतो, आणि तो श्रीमंत देशांतच असतो असेही नाही. २०१३ मध्ये ब्राझीलने हेसुस मोर्लान या स्पॅनिश प्रशिक्षकाला बोलावले. स्पेनच्या दाविद कालला त्यांनी ऑलिम्पिकची पदके मिळवून दिलेली होती. ब्राझीलमध्ये त्यांच्या हाती बाहिया प्रांतातल्या उबाइताबा या नदीकाठच्या लहान गावातला इसाकियास केइरोस आला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याने तीन पदके मिळवली. एकाच ऑलिम्पिकमध्ये तीन पदके मिळवणारा तो पहिला ब्राझीलियन. २०१८ मध्ये मोर्लान गेले. आपल्याकडे अशा वेळी गुरूबरोबर विद्याही जाते. तिथे लाउरो दि सोझा हे त्यांचे सहायक त्यांच्या शेजारी उभे राहून शिकलेले होते. त्यांनी पुढे काम चालवले आणि टोकियोत केइरोसने १००० मीटरचे सुवर्ण जिंकले. परदेशी तज्ज्ञ आपणही आणतो. तज्ज्ञाच्या शेजारी दोन-चार देशी माणसे पगार देऊन वर्षानुवर्षे उभी करणे, ही गोष्ट मात्र आपल्या अंदाजपत्रकात बसत नाही.

आपल्याकडेही चांगल्या डोळ्याची उदाहरणे आहेत. ग्वाल्हेरची प्राची यादव पोहणारी होती. कमरेखाली पाय काम देत नाहीत. एका जलतरण प्रशिक्षकाने तिला पॅरा-कॅनोकडे वळण्याचे सुचवले आणि ती भोपाळला आली. टोकियोत पॅरालिम्पिकच्या पॅरा-कॅनो प्रकारात उतरलेली ती पहिली भारतीय, आणि ती अंतिम फेरीत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई पॅरा स्पर्धांत तिने कयाकमध्ये सुवर्ण आणि दुसऱ्या प्रकारात रौप्य मिळवले. अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. वर मी टाचेतून जोर काढण्याविषयी लिहिले. तिच्या बाबतीत तो सबंध पाठ गैरलागू आहे. बैठक, तोल, धडाचा पीळ यांचा विचार अगदी मुळापासून करावा लागतो. केवळ स्वत:चा घाव दुसऱ्याच्या अंगावर चढवू पाहणारा माजी विजेता अशा खेळाडूपुढे निरुत्तर होतो.

आता पदकांपलीकडची गोष्ट. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जाकिटे नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात उजनी जलाशयात होडी बुडून सहा जण गेले, आणि दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात प्रवरेत शोधकार्य करणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच होडी उलटून तीन जवानांचा अंत झाला. आमच्या जिल्ह्याला तर ८ ऑगस्ट २०१९ ही तारीख विसरता येणार नाही. महापुरात ब्रह्मनाळहून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि सतरा माणसे गेली. शर्यतींसाठी नावाजलेल्या कृष्णाकाठी हे घडले.

या अपघातांचा आणि कयाकच्या प्रशिक्षकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. प्रशिक्षण-वर्गाचा पहिला व्यावहारिक धडा शर्यतीचा नसतो. होडीत माणसे किती, वजन कुठे, जाकिटाचे बंद ओढून पाहिले का, वारा कुठून आहे, आणि होडी उलटली तर काय, हा असतो. उलटलेली होडीही बहुधा तरंगते. तिला धरून राहायचे, काठ जवळ दिसला तरी पोहत सुटायचे नाही, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेत नाही, पाण्यात पाडून करून घेतो. ज्या गावात अशी तीस मुले आणि एक जाणती प्रशिक्षक असेल, त्या गावात पुराच्या दिवशी होडी कोणी भरायची आणि कुठे थांबवायची हे सांगणारे कोणीतरी असते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात पाण्यावरचे खेळही आहेत आणि नोंदणीची अट आहे. धरणांच्या काठी तंबू ठोकून सुट्टीच्या दिवशी भाड्याने कयाक देण्याचा व्यवसाय मात्र धोरणापेक्षा वेगाने वाढला. पाण्यावर गिऱ्हाईक सोडणाऱ्या पोराला कोणी काय शिकवले आहे, हे विचारण्याची पद्धत अजून पडायची आहे. राज्यात शिकवू शकणारे वल्हेकरी आहेत, पण ते कचेऱ्यांत फायली चाळताहेत.

मुलींविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या, त्यानंतर माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बदलला. पूर्वी विचारत, 'पोहता यायला हवे का?' आता विचारतात, 'बाई कायम असतात ना?' आमच्या वर्गात बावीसांत आम्ही चौघी होतो. चौघींपैकी आज शिकवतात दोघीच, कारण सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच ही सरावाची वेळ सांभाळून अकरा महिन्यांच्या कंत्राटावर संसार करणे किती जणींना परवडेल? कार्यकारिणीतल्या चार खुर्च्या जितक्या महत्त्वाच्या, तितकीच काठावरची ही एक जागा महत्त्वाची आहे.

करायला हवे ते अवघड नाही, खर्चिकही नाही. सहा आठवड्यांनंतर प्रमाणपत्र हातात देण्याऐवजी ते अर्धे द्यावे. उरलेले अर्धे एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली दोन हंगाम काम केल्यावर. आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाचे अभ्यासक्रमही टप्प्याटप्प्यांचेच असतात. दर तीन-चार वर्षांनी कोणीतरी काठावर येऊन प्रशिक्षकाचा एक तास पाहावा. त्याचे मोजमाप पदकांवर न करता, हाताखालची किती मुले तिसऱ्या वर्षीही टिकली यावर करावे. आणि भंडाऱ्याच्या मास्तरांसारख्या माणसाला, त्याच्याकडे पदक नाही म्हणून, रांगेच्या शेवटी उभे करू नये. माजी विजेते आणि असे शिक्षक यांना एकाच वर्गात, एकमेकांसमोर शिकवायला लावावे. आमच्या वर्गात जे काही खरे शिकणे झाले ते याच रीतीने झाले आणि तेही वेळापत्रकाबाहेर.

वर्ग संपल्यावरही आमच्यापैकी सात जणांनी ते चालू ठेवले आहे. महिन्यातून एकदा कोणीतरी आपल्या मुलांच्या वल्हवण्याचे चित्रण फोनवरून पाठवते आणि बाकीचे आपापले मत देतात. मागच्या खेपेला मास्तरांनी त्यांच्या तलावावरच्या एका मुलीचे चित्रण पाठवले. तिचे डावे पाते पाण्यातून उशिरा निघत होते आणि दर घावाला होडी उजवीकडे ओढली जात होती. सहा जणांनी सहा दोष काढले. मनगट, खांदा, नजर, मी स्वत: तालाविषयी लिहिले. हवालदारसाहेबांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, एका ओळीचे. पायाची पट्टी लांब आहे, दोन बोटे जवळ घ्या. मास्तरांनी घेतली. मुलगी सरळ जाऊ लागली आहे, असे त्यांनी कळवले आहे. उजव्या बाजूचे काय करायचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न आमच्यापुढे आहे.